बँकांच्या व्यवस्थापनास खुले पत्र : जो कागद मागाल, तो कोणत्या नियमाने ते लिहून द्या

प्रति,
महाराष्ट्रात शाखा असलेल्या सर्व सरकारी, खासगी व सहकारी बँकांचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक

विषय : मृत खातेदारांच्या वारसांकडे तोंडी मागितल्या जाणाऱ्या कागदपत्रांबाबत

महोदय,

कर्जाचा हप्ता थकला की तुमचं पत्र येतं. त्यावर तारीख असते, रक्कम असते, कराराचा हवाला असतो आणि खाली अधिकाऱ्याची सही असते. जामीनदारालाही पत्र जातं. आम्ही तुमचं देणं लागतो तेव्हा सगळं असं कागदावर. तुम्ही आमचं देणं लागता तेव्हा मात्र काउंटरच्या काचेपलीकडून सांगितलं जातं, "असं नाही होत हो मॅडम, हेड ऑफिस ऐकत नाही."

या तोंडी उत्तराबद्दल मला लिहायचं आहे.

माझे वडील निवृत्त शिक्षक. पासबुकालाही खाकी कव्हर घालणारे. पेन्शनचं बचत खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, नॉमिनी आई. एक मुदत ठेव दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो. म्हणजे कागदोपत्री जे जिथे असायला हवं ते तिथे होतं. ते गेल्यावर मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि पॅन, पासबुक आणि ठेवीची पावती घेऊन आम्ही मायलेकी शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी ट्रेमधली पैसे भरायची एक स्लिप उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर यादी लिहून दिली : सर्व मुलांचं नोटरी केलेलं ना हरकत पत्र, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, त्याच शाखेत खाती असलेले दोन जामीनदार आणि त्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न. सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा ओढून, 'वारस दाखला'. सही नाही, शिक्का नाही, तारीखही नाही. हेच बँकेच्या लेटरहेडवर मिळेल का, असं विचारल्यावर ते नुसते हसले. माणूस वाईट नव्हता. आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं, वडिलांची चौकशी केली. फक्त यादी चुकीची होती, पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत.

बँकेचं नाव लिहीत नाही. वाचणाऱ्या पुष्कळांना ती आपलीच बँक वाटेल.

यादी चुकीची होती असं मी कशाच्या जोरावर म्हणते, ते सांगते. बँकिंग नियमन कायदा १९४९ सालचा. त्यातली नामनिर्देशनाची, म्हणजे नॉमिनी नेमण्याची, कलमं १९८५ पासून लागू आहेत. कलम ४५-झेडए म्हणतं की खातेदार गेल्यावर ठेवीची रक्कम नॉमिनीला मिळेल आणि ती दिली की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी झाली. पुढचंच कलम ४५-झेडबी आणखी स्पष्ट आहे : दुसऱ्या कुणी येऊन या ठेवीवर हक्क सांगितला, तरी बँकेने त्याची दखल घ्यायची गरज नाही. कोर्टाचा हुकूम आला तर गोष्ट वेगळी. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. मग ९ जून २००५ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितलं की नॉमिनी असेल किंवा 'सर्व्हायव्हर'ची अट असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारसा दाखला), प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), इंडेम्निटी बाँड (हमीपत्र) किंवा जामीन यांचा आग्रह धरू नये. नॉमिनीची किंवा हयात सहखातेदाराची ओळख आणि खातेदाराचा मृत्यू, दोन्हीची खात्री करून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच विषयावर नव्याने एकत्रित निर्देश काढले, सगळ्या बँकांसाठी सारखे फॉर्म आणि सारखी कागदपत्रं ठरवून दिली आणि अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली. नॉमिनी किंवा हयात सहखातेदार असेल तर मागायचं काय? दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि दावा करणाऱ्याच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा. संपली यादी. सगळी कागदपत्रं हातात आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर बँक रेट (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) अधिक चार टक्के या दराने भरपाई, आणि लॉकरच्या दाव्यात दिवसाला ५,००० रुपये. हा दंड का घालावा लागला, याचा विचार तुमच्या कुठल्या तरी बैठकीत व्हायला हवा. तुम्ही २००५ चं परिपत्रक पाळलं असतं तर त्याची गरज पडली नसती.

बँकेची भीती मला कळत नाही असं नाही. उद्या दुसरा मुलगा येऊन म्हणेल, माझा वाटा तुम्ही आईला कसा दिलात? पण या भीतीचं उत्तर कायद्यात आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही दिलेलं आहे. राम चंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी हा ठेवीचा मालक होत नाही. तो फक्त बँकेकडून पैसे घ्यायचा अधिकारी. पैसे कुणाचे, हे वारसा कायद्याने ठरतं आणि बाकीच्या वारसांनी आपला वाटा नॉमिनीकडे मागायचा. (आपल्याकडे घरोघरी याच्या उलट समजूत आहे. नॉमिनी म्हणजे सगळं त्याचं, या गैरसमजावर सख्खी भावंडं बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.) म्हणजे भांडण झालंच तर ते घरात होईल, नाही तर कोर्टात. तुमच्या शाखेचा त्यात संबंधच येत नाही. असं असताना दोन जामीनदार नेमके कोणत्या जोखमीसाठी हवे होते?

मी हा प्रश्न लेखी विचारला. शाखेला ई-मेल, प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला. २००५ च्या परिपत्रकाचा दिनांक दिला आणि एवढंच विचारलं, की यादीतला प्रत्येक कागद कोणत्या नियमाखाली मागत आहात ते कळवावं. त्या प्रश्नाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. आले ते पैसे. यादीतला एकही कागद न देता, आईच्या खात्यात, व्याजासकट. शाखेतून फोन आला, "काम झालंय मॅडम, तेवढी ती तक्रार मागे घेता का?"

माझं काम झालं. मग हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्याच गल्लीत माझ्या आईच्या वयाच्या एक काकू आहेत, त्यांना ई-मेल माहीत नाही. त्यांच्या यजमानांच्या खात्याला त्या नॉमिनी होत्या, तरी त्यांनी वकील केला. वारस दाखला म्हणजे कोणत्या कार्यालयातला, हे शाखेने सांगितलंच नव्हतं. त्यामुळे त्या आधी तलाठ्याकडे गेल्या, मग तहसील कचेरीत आणि शेवटी दिवाणी न्यायालयात. तिथे अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, तारखा, कोर्ट फी, वकिलाची फी. स्वतःच्या नवऱ्याच्या पैशातून त्यांनी हा खर्च केला तो बँकेच्या समाधानासाठी, ज्या समाधानाची कायद्याला गरजच नव्हती. त्या खर्चाचा हिशेब तुमच्या कुठल्याही वार्षिक अहवालात दिसत नाही.

आणखी काही गोष्टी आहेत.

नॉमिनी नोंदवून घेण्यातच शाखा चालढकल करतात. फॉर्म भरून दिला तर पोच मिळत नाही. खरं तर पोच देणं बंधनकारक आहे आणि पासबुकावर व ठेवीच्या पावतीवर 'नामनिर्देशन नोंदले' असा शेरा हवा. हातातलं पासबुक उघडून बघा, असं मी वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. वर फॉर्मवर दोन साक्षीदार आणा म्हणतात. खातेदार अंगठा उठवणारा असेल तरच साक्षीदार लागतात. सही करणाऱ्याला ते लागत नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितलेलं आहे. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात, टक्केवारी ठरवून एकत्र किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. चांगली सोय आहे. पण एका नॉमिनीची पोच न देणारी शाखा चौघांची कशी देणार?

जॉइंट खात्याचं तर विचारूच नका. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असताना एक जण गेला, तर दुसऱ्याने मृत्यूचा दाखला द्यायचा, पहिल्याचं नाव कमी व्हायचं आणि व्यवहार पुढे चालू. तिथे नॉमिनीचा विषयही येत नाही, कारण नॉमिनीचा हक्क सगळे खातेदार गेल्यावर सुरू होतो. तरी आईला सांगण्यात आलं की ठेव 'क्लेममध्ये गेली'. मुदतीआधी मोडायची असेल तर दंड कापू, असंही सांगितलं. खातेदाराच्या मृत्यूमुळे ठेव मुदतीआधी बंद केली तर दंड लावायचा नाही, हेसुद्धा त्या २००५ च्या परिपत्रकातच आहे.

फॉर्म इंग्रजीत. दाव्याचाही आणि हमीपत्राचाही. किरकोळ ग्राहकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावं, असा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. कर्जाच्या जाहिरातीचा फलक मराठीत लावायला तुम्हाला जमतं.

आणि विमा. आईच्या खात्यात रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात 'रिलेशनशिप मॅनेजर' म्हणवणाऱ्या एका मुलाचा फोन आला. दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी, सत्तरी ओलांडलेल्या विधवेला. याबद्दल जास्त लिहीत नाही, नाही तर पत्राचा सूर बिघडेल.

काही ठिकाणी तुमची सावधगिरी योग्य आहे, तेही मला मान्य आहे. मृत्यूची खबर मिळताच खात्यातून पैसे काढणं थांबवता, ते बरोबरच आहे. खातेदाराबरोबर त्याने दिलेली आज्ञा संपते, मग चेक असो की एटीएम कार्ड. घरातलंच कुणी मृताचं कार्ड वापरत राहतं, तेव्हा त्याला अडवायलाच हवं. मृताच्या नावाने नंतर येणाऱ्या रकमेचा प्रश्न असतो, तिथेही नियमाने वाट ठेवलेली आहे : 'कैलासवासी अमुक यांची मालमत्ता' अशा नावाचं खातं उघडून ती रक्कम घेता येते. नॉमिनीच नसेल तर हमीपत्र, बाकी वारसांचं ना हरकत पत्र हे मागणं रास्त. पण त्यालाही मर्यादा आहे. नव्या निर्देशांप्रमाणे १५ लाख रुपयांपर्यंत, आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, अशा दाव्यालासुद्धा सोपी पद्धत लावायची आहे. मृत्युपत्र असेल, वाद चालू असेल, कोर्टाची मनाई असेल तर थांबा. माझी तक्रार आहे ती सरळ दाव्याला वादाच्या दाव्याची कागदपत्रं लावण्याबद्दल.

शाखेतल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. तीन टेबलांचं काम एक जण करतो, वर विम्याचं टार्गेट. उद्या ऑडिटमध्ये काही निघालं तर मान त्याची अडकणार, म्हणून तो चार कागद जास्तच मागतो. जास्त कागद मागितल्याबद्दल कुणाला मेमो मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हे बदलणं त्या माणसाच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

या अडवणुकीचा शेवट कुठे होतो तेही बघा. कंटाळून माणूस नाद सोडतो. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. फेब्रुवारी २०२३ अखेर नुसत्या सरकारी बँकांनी अशी सुमारे ३५,००० कोटी रुपयांची रक्कम रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केली होती, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्यातले सगळेच पैसे काही वारसांना अडवल्यामुळे गेलेले नाहीत. काही विसरलेले, काही पत्ता बदललेले. तिथे गेलेले पैसे बुडत नाहीत, वारसाने बँकेकडे मागितले तर परत मिळतात, आणि कुठल्या बँकेत काय पडून आहे ते शोधायला 'उद्गम' हे पोर्टलही ऑगस्ट २०२३ पासून आहे. पण मागायला गेलं की पुन्हा त्याच काउंटरवर जावं लागतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली आणि मुख्य : मृत खातेदाराच्या दाव्यात शाखा जो कागद मागेल, तो लेखी मागावा. बँकेच्या छापील पत्रावर, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि सहीसह, आणि प्रत्येक कागदासमोर तो कोणत्या नियमाखाली मागितला ते लिहून. ज्याच्यासमोर नियम लिहिता येणार नाही, तो कागद यादीतून आपोआप गळेल. बाकी काही केलं नाहीत आणि एवढं एक केलंत, तरी निम्म्या तक्रारी संपतील.

दावा दाखल झाला की त्याच वेळी पोच आणि दाव्याचा क्रमांक द्या. पंधरा दिवसांचं घड्याळ कधी सुरू झालं हे वारसाला कळलं पाहिजे. नाही तर 'कागदपत्रं अपुरी आहेत' हे चौदाव्या दिवशी सांगून घड्याळ पुन्हा शून्यावर आणता येतं. त्रुटी असतील तर त्या एकदाच, एकत्र आणि लेखी कळवा.

उशिराची भरपाई मागायला लावू नका. ती तुम्ही स्वतःहून जमा करा. मिनिमम बॅलन्स कमी पडल्याचा दंड तुमची यंत्रणा आपणहून कापते. तीच यंत्रणा हेही करू शकेल.

दाव्याचा फॉर्म मराठीत, प्रत्येक शाखेत आणि संकेतस्थळावर ठेवा. नॉमिनी असेल तर काय लागतं, नसेल तर काय लागतं, याचा फलक व्याजदराच्या फलकाशेजारी लावा. खातेदार ज्या गावी वारला त्या गावच्या शाखेत दावा दाखल करता यावा. 'होम ब्रँचला (खातं जिथलं त्या शाखेला) जा' हे उत्तर कोअर बँकिंगच्या, म्हणजे सगळ्या शाखा संगणकाने जोडलेल्या असण्याच्या, काळात शोभत नाही.

नॉमिनी नसलेल्या खातेदारांना पत्र पाठवून नॉमिनी नोंदवून घ्या. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून जेवढे मेसेज पाठवता, त्याच्या एक दशांश मेसेज याचे पाठवा. आणि दावा मंजूर झाल्यावर निदान तीन महिने त्या घरी विम्याचा किंवा फंडाचा फोन जाणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा.

हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. शाखेत तोंडी सांगितलं तर तिथेच साध्या कागदावर अर्ज लिहा, 'मागितलेल्या कागदपत्रांची यादी नियमासह लेखी मिळावी', आणि प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. पतसंस्थेतल्या ठेवी मात्र या व्यवस्थेत येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या कक्षेत आहेत आणि त्यांना पाच लाखांचं ठेव विम्याचं संरक्षणही नाही.

महोदय, वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आणि कोणत्या अमान्य, अमान्य असतील तर का, हे आपण जाहीरपणे आणि लेखी कळवावं. 'विचाराधीन आहे' असं उत्तर नको. पहिल्या मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही, संचालक मंडळाच्या एका परिपत्रकाने उद्यापासून ती सुरू होऊ शकते.

आपली,
एक खातेदार

प्रत माहितीसाठी : रिझर्व्ह बँकेचा ग्राहक शिक्षण व संरक्षण विभाग